श्वास थांबला, तर पहिली पाच मिनिटे आपलीच

२०२२ च्या सप्टेंबरात आपल्याच राज्यातील बळ्ळारी जिल्ह्यात एक लहान मुलगा पोहताना पाण्यात बुडाला. त्याला बाहेर काढल्यावर घरच्यांनी मोबाईलवर फिरणाऱ्या एका संदेशावर विश्वास ठेवला. भरपूर मीठ आणले, लेकराला मिठात झाकले आणि तो उठेल म्हणून कित्येक तास वाट पाहिली. मुलगा उठला नाही.

त्या आईबापांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. बुडालेल्याचे काय करावे हे त्यांना कोणी कधी शिकवलेच नव्हते. शिकवले ते मिठाचे. मिठात श्वास परत आणण्याचा कसलाही गुण नाही. असाच प्रसंग उद्या आपल्या शेततळ्यावर, कारंजाच्या कालव्यावर किंवा मांजरेच्या काठी आला, तर आपण तरी काय करणार आहोत, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला. त्याचे उत्तर या पानावर देत आहोत. वाचकांनी ते घरात मोठ्याने वाचून दाखवावे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना हाताने करून दाखवावे.

घाई कशाची?

हृदय बंद पडले की रक्त फिरायचे थांबते. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर साधारण चार ते सहा मिनिटांत त्याला कायमची इजा होऊ लागते. हृदय अचानक बंद पडलेल्या माणसाला काहीच उपचार मिळाले नाहीत, तर जगण्याची आशा दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. आता आपले गाव डोळ्यांपुढे आणा. आळंदहून कलबुर्गी चाळीस किलोमीटरच्या आसपास आहे. औरादच्या पलीकडच्या एखाद्या तांड्यावरून बीदर गाठायचे तर रस्ता कसा आहे, हे आम्ही सांगायला नको. १०८ ची गाडी कितीही लवकर निघाली तरी पाच मिनिटांत आखाड्यावर पोहोचणार नाही. म्हणून पहिली पाच मिनिटे डॉक्टरांची नाहीत. ती शेजाऱ्याची, सालगड्याची, सुनेची, शाळेत जाणाऱ्या नातवाची आहेत.

छाती दाबून रक्त फिरते ठेवायचे आणि तोंडाने श्वास भरायचा, या उपायाला सी.पी.आर. म्हणतात. त्याने बंद हृदय दर वेळी चालू होतेच असे नाही. पण मेंदूला थोडे थोडे रक्त मिळत राहते आणि पुढच्या उपचारापर्यंत माणूस टिकण्याची आशा राहते. घरातल्या मोटारीने पाणी चढेनासे झाले तर आपण हाताने बादल्या ओढतो, तसेच हे आहे. टाकी भरत नाही, पण पिण्यापुरते पाणी मिळते.

हे नवे खूळ नाही. बुडालेल्यांना वाचवण्यासाठी १७६७ साली ॲमस्टरडॅम शहरात लोकांनी एक मंडळ काढले होते. छाती न उघडता, केवळ हातांनी दाबून हृदयाचे काम चालवता येते, हे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी १९६० मध्ये जगापुढे मांडले. यात यंत्र लागत नाही, औषध लागत नाही. दोन हात लागतात.

हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणे

या दोन गोष्टींची लोक गल्लत करतात. झटक्यात हृदयाची रक्तवाहिनी तुंबते. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छातीत दाबल्यासारखे होते, कळ डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाते, घाम फुटतो, मळमळते. बाया-माणसांना आणि मधुमेह असणाऱ्यांना कधी कधी नुसता दम लागतो किंवा गळून गेल्यासारखे वाटते. अशा माणसाची छाती दाबू नये. त्याला चालवू नये, मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नये. बसवून धीर द्यावा आणि ताबडतोब १०८ ला फोन करावा. 'पित्त झाले असेल' म्हणून सोडा पाजत बसण्यात रात्र जाते आणि माणूसही जातो.

अभिनेते पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ रोजी वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी हृदय बंद पडून गेले, तेव्हा धडधाकट माणसालाही हे होते, ही गोष्ट घराघरांत कळली. त्यांच्या नावाने राज्य सरकारने २०२३ साली 'हृदय ज्योती' योजना काढली. तालुका रुग्णालयात हृदयाचा आलेख काढून तो मोठ्या केंद्रातील तज्ज्ञांना दाखवायचा आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारे महाग इंजेक्शन तेथेच फुकट द्यायचे, अशी ती योजना आहे. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात ही सोय कोणत्या वेळी मिळते, हे आजारी पडण्याआधीच विचारून ठेवावे. कलबुर्गीत जयदेव हृदयरोग संस्थेचे रुग्णालय आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

झटका आलेल्याचे हृदय मध्येच बंद पडू शकते. तो कोसळला, हाक मारून उठत नाही आणि त्याचा श्वास नीट चालत नाही, तर मात्र छाती दाबायला एका क्षणाचाही उशीर करू नये.

मोठ्या माणसासाठी काय करावे

पहिले, जागा बघावी. वीज, धूर, विषारी हवा, वाहता रस्ता यांत आपणच सापडलो तर एकाचे दोन होतील.

दुसरे, दोन्ही खांद्यांवर जोरात थोपटून मोठ्याने हाक मारावी. उत्तर नाही, तर छातीकडे पाहावे. श्वास चालतो का, हे दहा सेकंदांच्या आत ठरवावे. येथे एक फसगत होते. हृदय बंद पडल्यावरही काही मिनिटे माणूस मधूनच घोरल्यासारखा, आचके दिल्यासारखा श्वास घेतो. 'अजून धुगधुगी आहे' म्हणून लोक थांबतात. तो खरा श्वास नव्हे. शुद्ध नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढे पुरे. नाडी शोधण्यात वेळ घालवू नये.

तिसरे, १०८ ला फोन लावावा आणि फोन मोठ्या आवाजावर करून जमिनीवर ठेवावा. ११२ हा क्रमांकही चालतो. ज्याला कन्नड नीट येते त्याने बोलावे. गाव, तालुका आणि जवळची खूण सांगावी: शाळा, चर्च, पाण्याची टाकी. एका पोराला डांबरी रस्त्यावर उभे करावे, म्हणजे गाडी चुकणार नाही.

चौथे, माणसाला बाजेवरून खाली, कडक जमिनीवर उताणे घ्यावे. बाज किंवा गादी खाली दबते आणि आपला जोर वाया जातो. छातीच्या मधोमध, दोन स्तनांच्या मध्ये जे हाड आहे त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताचा मनगटाजवळचा भाग ठेवावा. दुसरा हात त्यावर ठेवून बोटे गुंतवावीत. कोपरे ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर. मग कमरेतून वजन टाकून दाबावे. छाती ५ सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच खाली जायला हवी. ६ सेंटिमीटरपेक्षा अधिक नको. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी, कारण वर येताना हृदयात रक्त भरते. वेग मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. मोठ्याने मोजावे, म्हणजे वेग सुटत नाही.

पाचवे, ज्याला तोंडाने श्वास देता येतो त्याने ३० वेळा दाबून २ श्वास द्यावेत. कपाळ मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत. आपले तोंड त्याच्या तोंडावर घट्ट बसवून एक सेकंदभर फुंकावे. छाती वर आली की पुरे. दोन श्वासांत दहा सेकंदांपेक्षा अधिक वेळ घालवू नये; पुन्हा ३० वेळा दाबावे.

ज्याला श्वास देणे जमत नाही किंवा नको वाटते, त्याने संकोच धरून हात आवरू नयेत. नुसती छाती दाबत राहावी. भारतातील भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये सामान्य लोकांसाठी जी पद्धत ठरवली गेली, तीत अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसाची फक्त छाती दाबण्यास सांगितले आहे.

दोन मिनिटांत दमायला होते आणि दाब उथळ पडतो. म्हणून दर दोन मिनिटांनी दुसऱ्याने हात घ्यावा, पण मध्ये खंड नको. बरगडी कडकन वाजली तरी घाबरून थांबू नये. बरगडी महिन्या-दीड महिन्यात जुळते; थांबलेला जीव जुळत नाही. माणूस स्वतः श्वास घेऊ लागला, गाडीवरच्या लोकांनी ताबा घेतला, किंवा आपल्या अंगात त्राणच उरले नाही, तरच थांबावे. हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र, ज्याला ए.ई.डी. म्हणतात, ते जवळ असेल तर लगेच आणून लावावे. काय करायचे ते यंत्रच बोलून सांगते.

माणूस श्वास घेतो पण शुद्धीवर नाही, तर त्याला एका कुशीवर वळवावे, म्हणजे ओकारी किंवा लाळ घशात अडकणार नाही. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये.

लेकरांसाठी फरक

मोठ्या माणसात बहुधा आधी हृदय बंद पडते. लेकरात बहुधा आधी श्वास अडतो: बुडण्याने, घशात काही अडकल्याने, छातीच्या आजाराने. म्हणून लेकरांना श्वास देणे फार महत्त्वाचे आहे. तेथे नुसत्या दाबण्यावर भागवू नये. ज्याला श्वास देणे जमतच नाही, त्याने काहीच न करण्यापेक्षा दाबावे.

एक वर्षावरील मुलाची छाती तिच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ५ सेंटिमीटर दाबावी. मूल लहान असेल तर एकच हात पुरतो. एक वर्षाखालील तान्ह्या बाळाची छाती सुमारे ४ सेंटिमीटर दाबावी. दोन्ही हातांनी बाळाची छाती वेढून दोन अंगठ्यांनी दाबावे, किंवा एका तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने. पूर्वी दोन बोटांनी दाबायला शिकवत असत. बोटांनी पुरेसा दाब पडत नाही, म्हणून २०२५ च्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या नियमांत ती रीत काढून टाकली आहे. ज्यांनी जुने शिक्षण घेतले आहे त्यांनी ही दुरुस्ती करून घ्यावी.

बाळाला श्वास देताना मान फार मागे वाकवू नये. चेहरा सरळ छताकडे असावा. आपल्या तोंडात बाळाचे तोंड आणि नाक दोन्ही घ्यावे आणि गालात मावेल एवढीच हवा सोडावी. प्रमाण तेच: ३० दाब, २ श्वास. आपण एकटे असू आणि हाताशी फोन नसेल, तर मुलासाठी आधी दोन मिनिटे हे सर्व करावे आणि मगच मदतीसाठी धावावे.

घशात काही अडकल्यास

शेंगदाणा, हरभरा, चिंचोका, सीताफळाची बी यांच्यापासून लहान मुलांना जपावे. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यावे. आवाज फुटत नाही आणि ओठ निळे पडतात, तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताने ५ जोरदार थापा माराव्यात. निघाले नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवावी आणि आत-वर असे ५ हिसके द्यावेत. हे आळीपाळीने करावे. मोठ्या माणसालाही हेच लागू आहे. गरोदर बाईच्या पोटावर मात्र हिसके देऊ नयेत, छातीवर द्यावेत. तान्ह्या बाळाला हातावर पालथे, डोके खाली घेऊन ५ थापा माराव्यात. मग उताणे करून छातीच्या मधोमध ५ वेळा दाबावे. दिसत नसलेली वस्तू काढायला घशात बोट घालू नये, ती अधिक आत जाते. शुद्ध गेली तर वर सांगितल्याप्रमाणे सी.पी.आर. सुरू करावा.

शेतावरचे पाच प्रसंग

पाण्यात बुडणे: पोहता येत नसेल तर उडी घेऊ नये. दोर, कासरा, बांबू, रिकामी घागर किंवा डबा टाकावा. बाहेर काढल्यावर पोट दाबू नये, पाय धरून गरगर फिरवू नये. त्याने पोटातले पाणी आणि अन्न फुप्फुसात जाते. सुरुवातीसच २ ते ५ श्वास द्यावेत आणि मग ३० व २ चे प्रमाण धरावे. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यावेच. त्रास काही तासांनी वाढू शकतो.

विजेचा धक्का: पंपाच्या स्टार्टरला चिकटलेल्याला हात लावू नये. आधी मेन बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या बांबूने तार बाजूला करावी. वरची मोठी तार तुटून पडली असेल तर बांबूही चालत नाही. दूर राहून १९१२ वर जेस्कॉमला कळवावे. वीज खात्रीने बंद झाली की मग जवळ जावे आणि छाती दाबण्यास सुरुवात करावी.

पेव आणि जुनी विहीर: बंद पेवात धान्याच्या श्वसनाने प्राणवायू संपतो आणि जड विषारी वायू तळाशी साठतो. गाळ काढायच्या जुन्या विहिरीतही तसेच होते. एक उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच घरचे दोघे-तिघे असे जातात. पेव उघडून बराच वेळ वारा खेळू द्यावा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून वर दोघे धट्टेकट्टे उभे करावेत. आतला कोसळला तर दोराने ओढावा, स्वतः उतरू नये.

फवारणीचे विष: तुरीवर, सोयाबीनवर फवारताना विष अंगात भिनून माणूस पडला, तर त्याला रानाबाहेर मोकळ्या हवेत आणावे, भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावे. हे करणाऱ्याने हातांत प्लास्टिकच्या पिशव्या तरी घालाव्यात. श्वास बंद असेल तर आधी छाती दाबणे, धुणे दुसऱ्याने. तोंडाला विष लागले असेल तर तोंडाने श्वास देऊ नये, नुसती छाती दाबावी. औषधाची बाटली डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्यावी.

मण्यारीचा दंश: मण्यार रात्री झोपेत चावते आणि बहुधा खूण दिसत नाही. पापण्या जड होतात, बोलणे अडखळते आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. कापणे, चोखणे, करकचून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ जातो. सरळ सापावरची लस असलेल्या रुग्णालयात न्यावे. वाटेत श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत राहावे आणि सी.पी.आर. करावा. लस आणि यंत्राचा श्वास मिळाला तर असा माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. तोवर आपला श्वास त्याला उसना द्यायचा आहे.

पोलिसांची भीती

'हात लावला तर आपल्यावरच येईल' असे अनेक जण म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आले. अपघातात सापडलेल्याला भल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्यामुळे खटला होत नाही, आणि नाव सांगण्याची त्याच्यावर सक्तीही नाही. आपल्या कर्नाटकाने तर यासाठी स्वतःचा वेगळा कायदा केला आहे. रस्त्यावर पडलेल्याला ओलांडून पुढे गेलेल्यांची आणि थांबलेल्या शोमरोनी माणसाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आता कायदाही थांबणाऱ्याच्या बाजूने आहे.

सराव कसा करावा

वाचून हे अंगात येत नाही. पोहणे जसे पाण्यात उतरल्याशिवाय येत नाही, तसेच हे. भुश्श्याचे घट्ट भरलेले पोते जमिनीवर ठेवावे आणि घरातल्या प्रत्येकाने त्यावर दोन मिनिटे, घड्याळ लावून, मोजत दाबावे. हात कोठे ठेवायचा हे जिवंत माणसावर दाखवावे, पण जिवंत माणसाची छाती दाबून सराव करू नये. धर्मग्रामात कोणी नर्स किंवा सिस्टर असतील तर एखाद्या रविवारी मिस्सानंतर त्यांच्याकडून शिकून घ्यावे. बारा-तेरा वर्षांची मुलेही हे उत्तम शिकतात. आखाड्यावर पंपाच्या पेटीशेजारी आणि घराच्या दाराआड १०८ आणि १९१२ हे दोन आकडे रंगाने मोठे लिहून ठेवावेत.

हे सर्व करूनही काही माणसे वाचत नाहीत, हे आम्ही लपवत नाही. पण हात बांधून उभे राहिल्याने कोणीच वाचत नाही. बळ्ळारीच्या त्या आईबापांनी तासन् तास वाट पाहिली. लेकरासाठी ते काय वाटेल ते करायला तयार होते. तसे तयार हात आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. त्या हातांना कोठे आणि कसे दाबायचे, एवढेच आता शिकवायचे आहे. पुढच्या रविवारपर्यंत निदान घरातल्या दोघांनी पोत्यावर सराव करावा, एवढी आमची विनंती आहे.